पेरभर पाणी

शेवटचं आम्ही दोघांनी मिळून केलेलं काम म्हणजे समुद्रावर हाडं वेचली. माकुलाच्या पाठीत एक पांढरं, चपटं, हलकं हाड असतं. समुद्रफेस म्हणतात त्याला. इथे अमिरातीत, खोर फक्कानच्या किनाऱ्यावर थंडीच्या दिवसांत ते लाटांबरोबर येऊन पडतं. त्या गुरुवारी सकाळी ही पुढे आणि मी पिशवी घेऊन मागे. किनारा झाडणारा बंगाली आम्हाला ओळखायचा. त्यानं हिच्यासाठी चार हाडं बाजूला काढून ठेवली होती.

"ये टूटा हुआ क्यों रखा?" ही म्हणाली.

"अम्मा, कछुआ दाँत से तोड़ेगा ही ना."

"कछुए को दाँत नहीं होता. कितने साल से बोल रही हूँ तेरे को."

तो हसला. तुटलेलं हाड हिनं घेतलंच. पिशवीत सात झाली तेव्हा पुन्हा काढून मोजली. सातच होती. "पुरे. यल्ला, घरी चला, ऊन चढतंय." परत येताना बाकावर बसली. दम लागला असं म्हणाली नाही, चपलेतली वाळू झटकते म्हणाली. मी उभाच राहिलो. मला चहा हवा होता. आता वाटतं बसायला हवं होतं.

दुपारी जेवून आडवी झाली ती उठली नाही. दवाखान्यात डॉक्टर म्हणाला, हृदय. चौसष्ट वर्षांची होती. तिच्या मरणाचं एवढंच. भेटायला येणारे सगळे मला सांगतात, माउली होती हो. माउली नव्हती. विक्षिप्त बाई होती. चाळीस वर्षं एका खोलीत काढली तरी तिच्या डोक्यात काय चालायचं ते मला अर्धं कळलं, अर्धं राहिलं. म्हणून लिहितोय. मी चौथी शिकलेला सुतार, चुकलं तर चुकलं.

हाडं कासवांसाठी. आमच्या घरात तीन चांदणी कासवं आहेत, तिन्ही माद्या. काळी पाठ, त्यावर पिवळ्या रेघा चांदणीसारख्या फुटलेल्या. आपल्याकडच्या माळरानावरचं जनावर आहे ते, चोरून इकडे आणून विकायचे. त्यांची पाठ कडक राहायला चुना लागतो, तो त्या हाडात असतो. हाडं ही उकळायची, गॅलरीत वाळवायची आणि किसून पाल्यावर भुरभुरवायची. किसणी तीच, खोबऱ्याची. एकदा मी इडलीबरोबर चटणी खाल्ली आणि दाताखाली कचकच आली. मी म्हटलं, अगं हे काय. ही शांतपणे म्हणाली, "खा, तुमचे गुडघे दुखतात ना."

दर शुक्रवारी तिघींचं वजन व्हायचं, स्वयंपाकाच्या काट्यावर. आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरात, चौकोनात. चतुर्थीच्या चौकोनात एक हजार तीनशे चाळीस ग्रॅम, असं. कासव उचलायच्या आधी त्याला सांगायची, "उचलते हं." न सांगता उचललं की घाबरून मुततं म्हणे. मी एकदा विचारलं, तुला कसं माहीत सांगितलेलं त्याला कळतं? म्हणाली, "तुम्हाला सांगितलेलं कळतं का? तरी सांगतेच ना."

ऑगस्टात इथे काय उकाडा असतो ते इथे राहिलेल्यालाच माहीत. त्या ऑगस्टात आमच्या खोलीत एसी बंद. कासवाला एसीनं सर्दी होते, नाकातून फुगे येतात, तेच छातीत उतरलं की मरतं. मी उघडा बसून घाम पुसायचो. ही कासवाच्या पाठीला कान लावून श्वास ऐकायची, आणि मला सांगायची, "श्वास चांगला आहे." मी म्हणायचो, माझा पण ऐक. मुलगा शारजाहून यायचा तेव्हा आधी फोन करून विचारायचा, "आई, एसी लावणार असशील तर येतो." आमचा नातू दारातूनच म्हणायचा, "आजी, इट्स सो हॉट, आय विल सिट इन द कार."

खोर फक्कानला आम्ही मंदीनंतर आलो. त्याआधी देरात एका फ्लॅटमधली एक खोली होती. मी दुबईत एका सुतारकामाच्या कारखान्यात फोरमन, आणि ही ऊद मेथा भागातल्या एका शाळेच्या बसवर आंटी. मुलं चढवायची, बसवायची, उतरवायची. प्रत्येकाच्या डोक्याला हात लावून मोजायची. शेवटचं मूल उतरलं की ड्रायव्हर पाय मोकळे करायला जाई, आणि ही मागच्या सीटपर्यंत जाऊन एकेका सीटखाली वाकून बघायची. ती सवय घरी आली. दाराला कडी घालायच्या आधी पलंगाखाली वाकून बघायची.

"अगं, खाली कोण असणार?"

"कोणी नाही हे बघायला नको?"

मंदी आली ती मला पेपरातून कळली नाही, दरवाज्यांवरून कळली. एका हॉटेलसाठी आम्ही एकशे चाळीस दरवाजे करून ठेवले होते, पॉलिशसकट. हॉटेल उभंच राहिलं नाही. दरवाजे होते, भिंती नव्हत्या. हिला कळली ती बसवर. रोज मोजणी कमी भरायची. चौतीसची एकतीस झाली, एकतीसची सव्वीस. लोक नोकरी गेली की आठवड्याभरात सामान आवरून जायचे. घरी आली की म्हणायची, "आज आणखी दोन गेली." हरवल्यासारखं सांगायची.

त्या दिवसांत एका संध्याकाळी ही बुटाचा खोका घेऊन घरी आली. त्यात टिश्यू पेपर आणि त्यावर लिंबाएवढं कासव. बसमधल्या एका मुलीचं. मुलगी नऊ वर्षांची, बाप इंजिनिअर, त्याची नोकरी गेली. शेवटच्या दिवशी स्टॉपवर उतरताना तिनं खोका हिच्या हातात दिला. "आंटी, प्लीज कीप हर. हर नेम इज कुकी. ओन्ली टिल वी कम बॅक." हिनं विचारलं, कधी येणार? मुलगी म्हणाली, "डॅडी सेज सून." आईनं चिठ्ठीवर नंबर लिहून दिला आणि डोळे पुसत गाडीत बसली.

मी म्हटलं, कोणाला तरी देऊन टाक. ही म्हणाली, "माझ्याकडे दिलीय. दुसऱ्याकडे नाही दिली."

पंधरा दिवसांनी माझा कारखाना बंद झाला. व्हिसा कॅन्सल. महिन्याभरात दुसरा मालक शोधायचा, नाहीतर देश सोडायचा. मला सोडायचाच होता. गावी घर होतं, चार कलमं होती, मुलगा तेव्हा रत्नागिरीत कॉलेजात होता. मी म्हटलं, तिकिटं काढतो. ही पोळ्या लाटत होती. लाटणं न थांबवता म्हणाली, "मी येत नाही."

"का?"

"हिला विमानात नेता येत नाही. विचारून आले मी. पकडतात."

"मग ठेव इथे."

"इथे कोणाकडे? मुलगी परत आली तर कोणाकडे मागेल?"

मी संतापलो. म्हटलं, एका लिंबाएवढ्या जनावरासाठी संसार परदेशात लटकवतेस? ही म्हणाली, "आपल्याच देशातली आहे आणि तिला तिच्या देशात जाता येत नाही. त्यात तिची काय चूक?"

आता माझी चूक सांगतो. आमच्या देवाच्या फळीवर एक पितळी कासव होतं, ताटलीत पाणी घालून त्यात ठेवलेलं. माझ्या आईकडून आलेलं. देवळात कासवाला हात लावून मग देवाकडे जायचं, घरात ते पाण्यात ठेवायचं, हेच लहानपणापासून बघितलेलं. कासव म्हणजे पाणी. यात विचार करण्यासारखं काय आहे?

त्या महिन्यात मी दिवसभर घरी. ही बसवर. कुकी खोक्यात मातीवर डोळे मिटून पडलेली, कोरडी ठणठणीत. मला दया आली. म्हटलं, बाईला एवढं कळत नाही, जनावर तहानलंय. कपडे भिजवायची बादली घेतली, काठापर्यंत भरली, आणि कुकीला त्यात सोडलं. तिनं पाय मारले. मला वाटलं खूश झाली, पोहतेय. मी खाली टपरीवर चहा प्यायला गेलो. तिथे दोन बेकार सुतार भेटले आणि आमच्या गप्पा झाल्या.

वर आलो तर ही बसचा निळा कोट अंगात तसाच, मोरीत उकिडवी बसलेली. कुकी तिच्या हातात उलटी. मान बाहेर लोंबकळत होती, एवढी लांब मान त्यात असते हे मला तेव्हा कळलं. ही दोन बोटांनी तिचे पुढचे पाय आत ढकलायची, बाहेर ओढायची. आत, बाहेर. नाकातून पाणी येत होतं. माझ्याकडे बघितलं नाही. म्हणाली, "टॅक्सी बोलवा."

चांदणी कासव जमिनीवरचं. त्याला पोहता येत नाही, दगडासारखं तळाला जातं. हे मला जनावरांच्या डॉक्टरनं सांगितलं. इंजेक्शन देऊन दीडशे दिरहम घेतले, म्हणजे तेव्हाचे दोन हजार रुपये, आणि म्हणाला, जगेल बहुतेक. इन्शाल्ला.

हिनं मला कधी विचारलं नाही की मुद्दाम केलंत का. मीच मला विचारलंय, पुष्कळदा. मुद्दाम नव्हतं. पण टॅक्सीत ती टिश्यूतली कुकी हिच्या मांडीवर होती, आणि माझ्या मनात आलं होतं की हे मेलं तर तिकिटं काढता येतील. आलं होतं मनात. ते हिला सांगायचं राहिलं.

कुकी जगली. ही आठ दिवस बोलली नाही. नवव्या दिवशी फळीवरचं पितळी कासव ताटलीतून उचललं, पदरानं पुसलं आणि कोरडं ठेवलं. म्हणाली, "यालाही नको." तेव्हापासून ते कोरडंच आहे. आणि मला सांगितलं, "आजपासून तुम्ही पाण्याला हात लावायचा नाही. लाकूडकाम करा."

ते मी केलं. कुकीला प्लायवूडचं घर केलं, कोपरे घासून गोल केले. मग ओळखीच्या एकानं सांगितलं, खोर फक्कानला एका म्हाताऱ्या अरबाकडे जुने कोरीव दरवाजे आहेत, दुरुस्तीला माणूस हवाय. त्यानं व्हिसा दिला. सामान टेंपोत आणि कुकी हिच्या मांडीवर, असे आम्ही डोंगर ओलांडून इकडे आलो. मुलगा शिकून पुढे शारजात नोकरीला लागला. कासवांचे सरकारी कागदही त्यानंच फिरून फिरून केले.

माझा अरबाब, म्हणजे तो मालक, पहिल्यांदा घरी आला तेव्हा ही कुकीला जास्वंदीची पानं भरवत होती. त्यानं बराच वेळ बघितलं आणि मला म्हणाला, "तुम्हारा मदाम मजनून है." वेडी आहे म्हणून. मी म्हटलं, अरबाब, मालूम है. दुसऱ्या दिवशी त्यानं बकऱ्यांच्या हिरव्या चाऱ्याची जुडी पाठवली. मग दर आठवड्याला पाठवू लागला. हिनं त्याला निरोप दिला, इतका नको, पोट बिघडतं, सुकलेला पाठवा. कोणी अरबाला असा निरोप देत नाही. त्यानं सुकलेला पाठवला.

दुसरी दोन नंतर आली. एक न्हाव्याच्या दुकानात काचेच्या पेटीत होतं. त्याला भात आणि पाव घालून पाठ टेकड्यांसारखी वर आलेली, म्हणून ती वाकडी. दुसरं एका रिकाम्या झालेल्या फ्लॅटच्या वॉचमननं आणून दिलं. ती थोरली. पण त्या दोघी हिच्या होत्या. कुकी त्या मुलीची होती. हे ती विसरायची नाही आणि कोणाला विसरू द्यायची नाही. कोणी म्हटलं, काय छान आहे हो तुमचं कासव, की म्हणायची, "हे माझं नाही. सांभाळायला आहे."

आणि मग माझ्याकडे हात करायची. "हे आमचे. सुतार आहेत. जगात कासव बुडवणारा माणूस एकच, तो माझ्या नशिबात." पाहुणे हसायचे. मीही हसायचो. चौदा वर्षं हसलो.

चिठ्ठीवरचा नंबर पहिल्या वर्षीच बंद झाला. पुढे तो कंपनीनं दुसऱ्या कोणाला दिला, एका मल्याळी माणसाला. हे हिला कळलं ते दिवाळीत फोन केला तेव्हा. पुढच्या दिवाळीत हिनं पुन्हा केला. मी म्हटलं, अगं तो दुसरा आहे. "असू दे. कोणी जुना नंबर म्हणून त्याला फोन केला असेल तर?" तो बिचारा पहिल्यांदा चिडला, दुसऱ्यांदा हसला, तिसऱ्या वर्षापासून फोन उचलला की आधीच सांगायचा, "हॅपी दिवाली अम्मा. अभी तक किसी का फोन नहीं आया." मग ही त्याला कुकीचं वजन सांगायची. तो बायकोला ओरडून सांगायचा. फोन ठेवला की ही म्हणायची, चांगला माणूस आहे, पण बायकोचा खोकला बरा होत नाही त्याच्या.

मला नेहमी प्रश्न पडायचा की एवढं का. एका मुलीनं रडत खोका दिला, ती मुलगी विसरली असेल. चौदा वर्षांत ती तेवीस वर्षांची झाली, कुठे नोकरी करत असेल. कदाचित हिला गावी जायचंच नसेल आणि कासवाचं निमित्त असेल, असंही मला वाटायचं. एकदा विचारलं. ही हाड किसत होती. खाली मान घालून सांगितलं.

बसवर लागली त्या पहिल्या वर्षी तिची मोजणी एकदा चुकली होती. शाळेत सगळी मुलं उतरली, ही घराकडे निघाली. सिग्नलपर्यंत आली आणि तिला वाटलं, आपण बत्तीस डोकी मोजली, पण एका डोक्याला दोनदा हात लावला. पळत परत गेली. बस कुलूप लावून पार्किंगात उभी. ड्रायव्हरला शोधून उघडायला लावली. मागच्या सीटखाली दप्तर उशाला घेऊन एक मुलगी झोपलेली होती. जानेवारी होता म्हणून बरं. पुढे खोका देणारी हीच ती मुलगी, तेव्हा सात वर्षांची. उठवलं तर घाबरलीसुद्धा नाही. हिला म्हणाली, "आंटी, आय न्यू यू विल कम."

"तिच्या आईनं तक्रार केली नाही," ही म्हणाली. "केली असती तर बरं झालं असतं."

किसणी घेऊन उठली. मला तेव्हा बोलायला हवं होतं ते टॅक्सीतलं, पण वाटलं, आज नको.

शुक्रवारची आंघोळ हा आमच्या घरचा मोठा कार्यक्रम. पसरट टब, कोमट पाणी. किती, तर हिच्या बोटाच्या पहिल्या पेरापर्यंत. बोट उभं बुडवून बघायची, जास्त झालं तर वाटीनं काढायची. एकेकीला सोडायची, पंधरा मिनिटं. कासव मान खाली घालून पाणी पितं, मग घाण करतं, मग बाहेर यायला बघतं. ही टबाजवळ पाटावर आणि मी मोरीच्या दाराबाहेर, खांद्यावर टॉवेल, हातात घड्याळ. उंबऱ्याच्या आत यायचं नाही. "झाली का हो?" "अजून पाच मिनिटं." एवढंच माझं काम. ती गेली त्याच्या आदल्या शुक्रवारी मी म्हटलं, आता तरी मला करू दे, तुला वाकता येत नाही. म्हणाली, "बघू पुढच्या वेळी." चौदा वर्षांत पहिल्यांदा नाही म्हणाली नाही.

ती गेली त्या गुरुवारी संध्याकाळी मुलगा आणि सून शारजाहून आले. मुलगा चांगला आहे. सगळे कागद, फोन त्यानंच केले. सून माझ्यासाठी चहा करत होती तेव्हा तो माझ्याजवळ बसला आणि म्हणाला, "बाबा, आता तुम्ही आमच्याकडे चला. तिथे बाल्कनी नाहीये. मी एका फार्मवाल्याशी बोललोय, तो तिन्ही कासवं घेईल. ही विल टेक गुड केअर."

"कुकी आपली नाही," मी म्हटलं.

"बाबा, ती मुलगी येणार नाहीये."

"तुला विचारून येणार आहे का ती?"

माझा आवाज होता, पण बोलणं हिचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो. हाडं गॅलरीत वाळत होती, सात. आठ वाजता हिला घ्यायला दवाखान्यात जायचं होतं. मुलगा खाली गाडी काढायला गेला. मी पलंगाखाली वाकून बघितलं. थोरली होती तिथे, तिला परत तिच्या घरात ठेवलं. तिघी मोजल्या. मग कॅलेंडराकडे लक्ष गेलं. शुक्रवार होता, चौकोन रिकामा.

मी टब काढला. पाणी कोमट केलं, कोपरानं बघितलं. ओतलं आणि बोट उभं धरलं. माझं बोट जाड, सुताराचं. माझं पेर हिच्या पेरापेक्षा लांब आहे. पेरापर्यंत भरलं तर जास्त होईल. थोडं वाटीनं काढलं. पुन्हा बोट बुडवलं. अजून दोन वाट्या काढल्या. मग कुकीला म्हटलं, "उचलते हं," आणि हसू आलं, आणि म्हटलं, "उचलतो." मुतली नाही. पाण्यात ठेवलं तरी मी हात काढला नाही, तिच्या पोटाखालीच ठेवला, हनुवटी पाण्याच्या वर राहील असा. ती बराच वेळ आत दडून राहिली. मग मान बाहेर काढली, इकडेतिकडे बघितलं, आणि खाली घातली.

मुलगा वर आला. चपला घालूनच मोरीच्या दारापर्यंत आला आणि उंबऱ्याबाहेर थांबला. "बाबा, गाडी लावलीय खाली. लोक थांबलेत. चला."

मी त्याच्याकडे न बघता टॉवेल मागितला. म्हटलं, "अजून पाच मिनिटं. पितेय ती."